हाक आणि दोरी

पांढरी, मूठभर पॉमेरेनियन कुत्री. नाव बोंडी. सोजरबाईच्या उशाशी निजायची आणि तिचंच बोट चावून फोडायची.

अर्धांगवायूनंतर सोजरबाईचा डावा हात तेवढा हलत होता. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. इवलासा दात लागला तरी चादर भिजायची. मुलानं, प्रवीणनं, सांगून टाकलं : रविवारपर्यंत चावणं सुटलं नाही, तर पिल्लू तलमडुगू गावी त्याच्या मित्राकडे जाईल. सोजरबाई त्या दिवशी जेवली नाही.

म्हणून तिच्या नवऱ्यानं, चंपतरावांनी, पिल्लू हाती घेतलं. जन्मभर गोऱ्हे वळणावर आणलेला माणूस.

ये, बोंडी.

आली की गळ्यात दोरी. चावली की नाकावर टिचकी. गोऱ्हा असाच शिकतो : हाक, जू, मग कडबा.

ये, बोंडी.

बोंडी खाटेखाली. ओढून काढावी तर मनगटच धरायची.

सोजरबाई पडल्या पडल्या पाहत होती. "तुमी बोलावता अन् बांधता. कोन येईन?" मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मलेबी काम असलं तवाच हाक मारत होते तुमी."

चंपतराव उठून अंगणात गेले. दोरीचा पीळ उलगडत बराच वेळ बसले.

ये, बोंडी.

आता भाकरीचा तुकडा. पाठीवर हात. आणि सोडून देणं. पुन्हा हाक, पुन्हा सोडून देणं. दात लागला की टिचकी नाही. हात सैल, तोंड फिरवून उठून जायचं. आईवेगळं वासरू ते असंच दुधावर लावत. बोटं दुधात बुडवून तोंडात द्यायची, चावलं की काढून घ्यायची. हातांना सारं ठाऊक होतं. कुत्र्यासाठी कधी आठवलं नव्हतं, एवढंच.

रविवारी प्रवीण मोटरसायकल काढून दारात उभा.

"ये वं, बोंडे." सोजरबाईचा आवाज खाटेपलीकडे जेमतेम पोचला.

अंगणातून बोंडी आली. खाटेवर चढली. बोट तोंडात घेतलं. दात टेकले. सोजरबाईनं बोट अलगद काढून घेतलं. बोंडी थबकली, मग बोट चाटू लागली.

प्रवीणनं गाडी पुन्हा पडवीत लावली.

दिवेलागणीला चंपतराव खाटेशी बसले. "अवं सोजर."

तिनं डोळे उघडले. "काय पायजे?"

"काई नाही."

तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. मग तिचा डावा हात गोधडीवरून हळूहळू त्यांच्याकडे सरकू लागला.