दावा लावायची परवानगी

“मालक, काहीतरी खाऊन तरी घ्या,” चेंचो म्हणाला. “आजही नंबर लागेल असं वाटत नाही.”

अल्फोन्स हावेल्कानं नुसती मान हलवली. समितीच्या खोलीबाहेर तो सकाळी आठपासून बसला होता. बायकोनं बांधून दिलेले कोलाचे, जर्दाळू भरलेले गोड पाव, डब्यात तसेच होते. विधिमंडळ भरायचं दोन वर्षांतून एकदा. गेल्या दोन्ही खेपांना त्याचा ठराव चर्चेला आलाच नव्हता.

त्या राज्यात सरकारवर दावा लावायचा तर आधी सरकारचीच परवानगी लागे. विधिमंडळानं ठराव करायचा, मग कोर्टाचं दार उघडायचं. “म्हणजे ज्यानं मारलं त्यालाच विचारायचं, ओरडू का म्हणून!” बायको म्हणायची.

प्रकरण एका पुलाचं होतं; बांधायचा ठेका हावेल्काचा. रस्तेखात्याच्या नकाशात खडक जमिनीखाली वीस फुटांवर दाखवला होता. तो लागला पन्नासावर. खात्याचा इन्स्पेक्टर म्हणाला, “जा खाली,” आणि कामाच्या रोजच्या वहीवर सही करत राहिला. चेंचो मुकादम; कागदोपत्री नाव क्रेसेन्सियो ओलिव्हारेस. त्यानं उन्हाळाभर उभं राहून खांबांची भोकं खणून घेतली. पूल झाला. जादा कामाचे पैसे मागितल्यावर मात्र खात्याचं पत्र आलं : विलंब झाला तो मुकादम क्रेसेन्सियो ओलिव्हारेस याच्या नालायकीमुळे.

हावेल्कानं दोन्ही क्रेन विकून माणसांची मजुरी चुकती केली. त्याबद्दल तो कधी कुणाशी बोलला नाही. पण त्या पत्रानंतर चेंचोला कुणी मुकादम म्हणून उभं करेना, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

साडेतीनला समितीचे अध्यक्ष टॅलबर्ट स्वतः बाहेर आले आणि बाकावर टेकले.

“खातं निम्मे पैसे द्यायला तयार आहे. याच आठवड्यात. ठराव तेवढा मागे घ्या.”

“आणि ते पत्र?”

“ते राहील फायलीत. कोण वाचतंय!”

“मी वाचतो,” हावेल्का म्हणाला.

टॅलबर्ट आत गेल्यावर चेंचो कळवळून म्हणाला, “घ्या ना मालक! घर गहाण पडलंय तुमचं. माझ्या नावाचं काय घेऊन बसलात?”

“भोकं कुणी खणली?”

“मी.”

“नीट खणलीस?”

“म्हणजे काय!”

“मग गप बस.”

आणि नाव पुकारलं गेलं.

आत एका सदस्यानं चष्म्यावरून बघत विचारलं, “सरकार खोटं बोलतंय, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“नाही साहेब. ते म्हणतात चूक माझ्या माणसाची, मी म्हणतो नकाशाची. दोघांचं ऐकून घेईल असा कुणीतरी हवा. एवढंच मागायला तिसऱ्यांदा आलोय.”

टॅलबर्टनी ठरावाच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं आणि पहिला हात त्यांनी स्वतःच वर केला. पुढे दोन्ही सभागृहांत ठराव झाला, राज्यपालांची सही झाली.

कोर्टात निकाल लागायला आणखी दीड वर्ष गेलं. आता निवृत्त झालेल्या त्या इन्स्पेक्टरनं वहीतली आपलीच सही बराच वेळ न्याहाळली आणि सांगून टाकलं, “खडक तिथं नव्हता. नकाशा चुकला होता.” निकाल हावेल्काच्या बाजूनं लागला.

“पैसे मात्र पुढच्या अधिवेशनात मंजूर झाले तरच,” वकील चाचरत म्हणाला.

हावेल्का मोठ्यानं हसला. “म्हणजे अजून जगायला हवं!”

निकालाची शिक्क्याची नक्कल घेऊन तो थेट शाळेकडे गेला. चेंचो आता तिथं गवत कापायचा. हावेल्कानं हात करून यंत्र थांबवायला लावलं आणि उन्हात उभ्यानंच वाचलं, “मुकादम क्रेसेन्सियो ओलिव्हारेस याने काम काळजीपूर्वक व दिलेल्या आदेशानुसार केले.”

चेंचोनं टोपी काढली.

“परत वाचा.”

हावेल्कानं परत वाचलं, सावकाश. मग कागद पुढे केला. चेंचोनं दोन्ही तळवे विजारीला खसाखसा पुसले, तरीही बोटांचा हिरवा रंग जाईना. तेव्हा त्यानं तो कागद अगदी कडांना धरून घेतला.