छत्रीचं गाऱ्हाणं

पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात तारकर्लीच्या दाजींची खात्रीच पटली, की घरात आपल्याविरुद्ध काहीतरी शिजतंय. तीस वर्षं तलाठीपण केलेला माणूस, संशय हाडात मुरलेला. ते माजघरात शिरले, की बायको सत्यवती पदर तोंडाला लावायची आणि सुट्टीला आलेली लेक नि जावई एकदम आंब्यांच्या भावावर बोलू लागायचे. त्यात बालमित्र विश्राम रोज दुपारी दाजींची पाठ टेकली रे टेकली, की मागल्या दाराने यायचा. मेल्यांनी वाडीची वाटणी ठरवली, दुसरं काय!

एका दुपारी दाजी खोटंखोटं घोरले आणि मग दबकत मागल्या दारापाशी गेले. फटीतून बघतात तर विश्रामच्या डोक्यावर दाजींची काळी टोपी, हातात नारळ, भुवई थेट दाजींसारखी चढलेली.

“बा देवा म्हाराजा,” विश्राम त्यांच्याच खरखरीत आवाजात गाऱ्हाणं घालत होता, “माझी छत्री माझ्याच खांद्यार आसा, तरी ती चोरूचो इचार जेच्या मनात आसात, तेका धा दिस शिंका येवंदेत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे पोट धरून ओरडले. सत्यवती तर हसता हसता भिंतीला टेकली.

दाजींच्या तोंडात शिवी तयार होती. त्यांनी दाराला हात लावला.

“आणि ही सगळी चोर माणसां,” विश्रामने नारळ उंचावला, “जल्मभर माझ्या नजरेसमोरच ठेव रे म्हाराजा!”

कुणी तोंड उघडायच्या आत दाराआडून खरखरीत आवाज आला, “व्हय म्हाराजा!”