दोऱ्याने मोजलेली नदी

घरात शांतता नांदावी म्हणून नकाशे काढणाऱ्याने दोन बिननावाच्या ओढ्यांपैकी एकाला बायकोचं आणि दुसऱ्याला आईचं नाव दिलं. नकाशा छापायला जाण्याआधी त्याने तो मोठ्या तोऱ्यात बायकोला दाखवला.

"आणि दोन्ही ओढे मिळाल्यावर पुढच्या नदीला सासूबाईंचंच नाव? इथेही?" ती कडाडली.

"नियमच आहे. जो ओढा लांब, त्याचं नाव पुढे चालतं."

तिने शिवणाचा दोरा घेतला, वळणावळणाने बसवत आधी आपला ओढा मोजला, मग सासूबाईंचा. तिचा ओढा दोन बोटं जास्त भरला. "खोडा आता!"

त्याने रबर उचललं.

"ठेव खाली," खुर्चीत डुलक्या घेणारी आई डोळे न उघडताच म्हणाली. "माझा ओढा मोजताना तिने दोरा ताणून धरला होता."