वरचा पंख सोनबाचा

सन दोन हजार चोवीस. कार्तिक महिना. दिवाळीचे आकाशकंदील दारांवरून अजून उतरले नव्हते आणि ऊसतोडीच्या टोळ्या शिवारात उतरत होत्या. त्या दिवसांत बारामतीच्या एका दुकानातून मी विकला गेलो.

मी दोन पंखांचं विमान. एक पंख वर, एक खाली, मध्ये काड्या आणि तारा. लांबीला दीड हात. आत माणूस बसत नाही. माणूस जमिनीवर उभा राहतो आणि हातातल्या रिमोटने मला हाकतो. त्यामुळे मी पडलो तर कोणी मरत नाही. लोक हसतात, तेवढं पुरतं.

माझं अंग भेंडासारख्या हलक्या लाकडाचं. वर लाल चकचकीत कातडं ताणलेलं. सुटे भाग खोक्यातून आले आणि दुकानदार मोहितने ते टेबलावर जोडले. मी त्याच्या दुकानातला सर्वांत देखणा होतो. हे मी स्वतः सांगतो, कारण दुसरं कोणी सांगेपर्यंत थांबायची माझी सवय नाही.

माझ्या शेजारी एक पांढरं विमान होतं. एकच पंख, तोही डोक्यावर. नाक बोथट. दिसायला पाण्याच्या बाटलीसारखं. नवखं गिऱ्हाईक आलं की मोहित तेच काढायचा. ते शहाणपणाचं होतं. तुम्ही कधी पहिलं विमान घ्यायला गेलात तर तेच घ्या. माझ्यासारखं घेऊ नका. मी वाऱ्याला अडतो, उतरताना नाकावर जातो आणि मला मोडायला जागा फार.

भीमातात्यांना हे सगळं मोहितने सांगितलं. तात्या निरवांगीचे. सत्तरी उलटलेली, पाठ ताठ, बोलणं मोजकं. बरोबर नात होती, संस्कृती. ती लोणी देवकरला कारखान्यात कामाला आहे. सुट्टीचा दिवस आजोबांपायी घालवला म्हणून ती आधीच फुगलेली होती.

"आजोबा, पहिल्यांदा शिकताय ना? हे पांढरं घ्या," मोहित म्हणाला. "पडलं तरी मोडत नाही."

"पडनारं दावू नगं. उडनारं दाव."

मग तात्यांची नजर माझ्यावर आली. त्यांनी मला फळीवरून खाली घेतलं आणि बैलबाजारात बघतात तसं बघितलं. पाठीवरून हात फिरवला. शेपटी उचलली. पोट दाबलं. पंखांच्या मागच्या पट्ट्या कानांसारख्या हलवून पाहिल्या. पंखा फिरवून नाकात डोकावले. तिथे दात नव्हते म्हणून थोडे नाराज झाले.

"खोड काय ह्याची?"

"वाऱ्यात हट्टी आहे जरा."

"असू दे. हट्टी जनावर वढायला बरं."

"पण तात्या," संस्कृती म्हणाली, "दोन पंखच कशाला पाहिजेत?"

"येका बैलावर नांगर चालतो व्हय?"

विमानात दोन पंख का असतात याचं कारण वेगळं आहे, पण मला ते ऐकण्यापेक्षा विकलं जाणं बरं वाटलं.

भाव करायची वेळ आली. तात्यांनी खांद्यावरचं उपरणं मोहितच्या हातावर टाकलं आणि त्याखाली त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच होतो, बोटांनी, गुपचूप. मोहितला वाटलं म्हातारा नाडी बघतोय.

"मी बरा आहे आजोबा," तो म्हणाला.

संस्कृती ओढणी तोंडाला लावून बाहेर पळाली. भाव काय ठरला ते मी सांगणार नाही. बैल आपली किंमत सांगत नसतो.

एसटीत मी तात्यांच्या मांडीवर होतो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, ह्याला उडवतच न्यायचं की!"

"त्याला घर म्हाईत न्हाय अजून," तात्या म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. वरून शिकाऊ वैमानिकांचं एक खरं विमान घरघरत चाललं होतं. तात्यांनी त्याच्याकडे मान वर केली नाही. घरचं आल्यावर बाहेरचं कोण बघतो?

घरी बनाबाई दारातच उभ्या. तात्यांच्या मालकीण. त्यांनी मला पाहिलं, नवऱ्याला पाहिलं, पुन्हा मला.

"आवं, नातवंडं मोटी झाली. ह्ये कुनासाटी?"

"सोनबाचा दिस फेडायला."

बनाबाईंचा पदर तोंडावर गेला. "अगं आई! त्यो दिस अजून हाय व्हय?"

तो दिवस अजून फिटायचा होता. मला तो पुढे महिनाभर दोघांच्या भांडणातून कळला. पूर्वी तात्यांकडे एकच बैल होता आणि शेजारच्या सोनबाकडेही एकच. दोघांनी सावड केली होती. दोन बैल एका जुवाला, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. यात पैसा नसतो. दिवसाला दिवस फेडायचा. एका साली सोनबा आपला बैल घेऊन तात्यांचं रान नांगरून गेला. त्याची पाळी यायच्या आधी गावात ट्रॅक्टर आला आणि तात्यांनी आपला बैल विकून टाकला.

सोनबाचा एक दिवस राहिला तो राहिलाच. तात्यांनी त्याला ट्रॅक्टर देऊ केला, मजूर देऊ केले. सोनबा म्हणायचा, "सावड हाय ती. मानूस आन् बैल, दोगं आलं तर दिस. बैल कुटं हाय तुजा?" आणि प्रत्येक लग्नात, पंगतीत, जिलेबी वाढत असताना, तो मोठ्याने सांगायचा, "भीमाला वाढा लेकानो. माजा दिस गिळून बी भूक हाय त्याला."

तात्या तेव्हा जिलेबी खात नसत. त्यांना ती फार आवडते.

आता सोनबाचे गुडघे गेले होते. सगळ्या शिवारात ऊस, आणि त्याचं एकट्याचं ज्वारीचं रान. दुसऱ्याच्या ज्वारीची भाकरी त्याच्या घशाखाली उतरत नाही. पण आसपास एकच ज्वारी असली की सगळी पाखरं तिथेच जेवायला येतात. गेल्या साली त्याच्या पदरात नुसता कडबा पडला. यंदा तो म्हणाला होता, "ह्या साली बी नेलं तर फुडच्या सालाला हितं ऊसच." पाखरांमागे धावायला माणूस मिळत नाही. तात्यांनी ते ऐकलं आणि संस्कृतीला घेऊन बारामतीची एसटी धरली.

शिकायला आम्ही गावाबाहेरच्या माळावर जायचो. संस्कृती सुट्टीला आली की सोबत असायची. पहिल्या दिवशी मी उडालो आणि लगेच नाकावर आलो. दुसऱ्या दिवशी शेळ्यांत उतरलो. माझी चाकं दोनदा बदलली. तात्या दर वेळी म्हणायचे, "वाऱ्यानं केलं." वारा नसला तरी.

खरी अडचण वेगळी होती. मी तात्यांपासून दूर जायचो तेव्हा सगळं ठीक. रिमोटची काडी डावीकडे केली, की मी डावीकडे वळायचो. पण तोंड फिरवून त्यांच्याकडे यायला लागलो की त्यांचं डावं ते माझं उजवं व्हायचं. आयुष्यभर बैलांच्या मागून चाललेला माणूस. समोरून येणारा बैल त्यांनी कधी हाकलाच नव्हता. मी तोंडावर आलो की ते ओरडायचे, "हो! हो! थांब!" मी थांबत नसे. आम्हाला थांबता येत नाही.

एकदा बनाबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी दोन वेळा मला बाभळीत जाताना पाहिलं.

"आवं, बैलाच्या तोंडाम्होरं हुबं ऱ्हाऊन कुनी हाकतं व्हय? पाट फिरवा की."

तात्यांनी मला बाभळीतून काढलं आणि पुन्हा उडवलं. थोड्या वेळाने, जणू स्वतःलाच सुचलं असं दाखवत, त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि मान मागे वळवून मला बघत काड्या हलवल्या. मी सरळ आलो. उतरलोही, चाकांवर. बनाबाईंनी डबा उघडला आणि बाभळीकडे बघत बसल्या.

माघ आला. सोनबाची ज्वारी पिकली. काढणीचा दिवस ठरला, पण टोळी ऊस सोडून आली नाही. "उद्या येतो," असा फोन आला. आणि नेमक्या त्याच सकाळी शिवारात भोरड्या उतरल्या. या पाखरांचा थवा ढगासारखा येतो. चिमण्यांना डबा वाजवला की पुरतं. भोरड्या डब्याचा आवाज ऐकत ऐकत जेवतात. एका दिवसात कणसं मोकळी होतात.

संस्कृतीने रजा टाकली होती. माझ्या बॅटऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करायची सोय तिने केली. माझा दम दहाच मिनिटांचा. तात्या मला खांद्यावर घेऊन सोनबाच्या बांधावर गेले. तो बाजेवर बसून डबा बडवत होता.

"मानूस आला," तात्या म्हणाले. "बैल बी आला."

सोनबाने डबा खाली ठेवला. "ह्यो?"

"जोडी हाय. वरचा तुजा, खालचा माजा."

सोनबा बसल्या बसल्या मान फिरवून मला चहूकडून बघत राहिला. मग म्हणाला, "श्यान कुटं टाकतंय?"

"सोड म्हंतो का न्हाय?"

"सोड."

मी उडालो. भोरड्या उठल्या तेव्हा रानभर सावली धावली. मी त्यांच्या मागे, त्या पुढे, ऊस ओलांडून. सोनबा बाजेवर उभा राहिला होता, गुडघे विसरून. "वळीव! वळीव माज्याकडं!" तो ओरडत होता. दम संपत आला की मी उतरायचो, संस्कृती बॅटरी बदलायची, मी पुन्हा वर.

पाखरं मूर्ख नसतात. दुपारपर्यंत त्यांना कळलं की मला चोच नाही. मी या टोकाला गेलो की ती त्या टोकाला बसू लागली. तात्यांनी मला आणखी खाली, आणखी जवळ आणलं. उन्हाने डोळे दिपलेले, पाठ माझ्याकडे, मान वळलेली. मी परत येत असताना त्यांचा पाय बांधावरून घसरला. मी सरळ बाभळीत गेलो.

वरचा पंख मोडला.

"माजा बैल पडला!" सोनबा म्हणाला. "तुजा बघ कसा शाबूत हाय. लबाड पयल्यापासनं."

संस्कृतीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तात्यांनी मला बाजेशेजारी ठेवलं. अजून दिवस कासराभर वर होता आणि थवा परत फिरला होता.

"तात्या, आता राहू द्या."

"दिस हाय अजून."

त्यांनी सोनबाच्या उशाची गोफण उचलली आणि रानात शिरले. सोनबाने डबा घेतला. एक गोफण फिरवतोय, दुसरा डबा बडवतोय, आणि दोघेही भोरड्यांपेक्षा एकमेकांनाच जास्त शिव्या देतायत. "आरं, डावीकडं!" "तूच जा!" आवाज इतका झाला की बनाबाई घरून आल्या. पाखरांना काय वाटलं असेल ते असो, त्या दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये उतरायची त्यांची छाती झाली नाही.

आज माझ्या वरच्या पंखाला बांबूची कामटी बांधलेली आहे. बांधताना सुतळी जास्त झाली. मी आता उडत नाही, तात्यांच्या ओसरीवर आढ्याला टांगलेला असतो. येणारा जाणारा विचारतो, "पोराचं खेळनं का?" तुम्ही ओसरीवर आलात तर माझ्या कातड्याला बोट लावू नका आणि मी कशाला आहे ते विचारू नका, एवढीच विनंती.

त्या दिवशी सूर्य बुडाला. भोरड्या उसात बसायला निघून गेल्या. ज्वारी उभी होती. बनाबाईंनी भाकरी सोडली आणि तात्यांच्या हातावर ठेवली.

"थांब," सोनबा म्हणाला. "आदी बैलाला."

तो काठी टेकत रानाच्या कडेला गेला. विळ्याने दोन भरली कणसं कापली. परत येऊन, गुडघे धरत, खाली बसला आणि ती माझ्या नाकापुढे ठेवली. मोडक्या पंखावरून एकदा हात फिरवला.

मग त्याने आपल्या पानातला गूळ उचलून तात्यांच्या भाकरीवर ठेवला.

"फिटली सावड," सोनबा म्हणाला.