तीन चमचे आंबील

"आजे, लेकराच्या वठाला ही आंबील कुठनं लागली?"

वहिनी मक्यातल्या तणाची भांगलण सोडून बाळाला, थाबांगला, पाजायला घरी आली होती. कुदळ खांद्यावरून उतरायच्या आधीच तिचा आवाज खालच्या ओढ्यापर्यंत गेला. आजी घोंगडं पांघरून उन्हाला बसली होती. तिनं थाबांगच्या ओठाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी बूट पुसत होते. फारच मन लावून पुसत होते.

"बोला की! नर्सबाई वरडून वरडून सांगत्यात, सहा म्हैनं निस्तं दूध. माजं लेकरू मारायचंय व्हय तुमास्नी?"

"आमी धाव्या दिसापास्नं आंबील चाटवायचो," आजी हळूच म्हणाली. "कुनी मेलं न्हाई."

"मग तुमचा ल्योक आन सून कशानं गेली?"

आजीनं घोंगडं अंगाभोवती ओढून घेतलं. तो लेक आणि सून म्हणजे माझे आईबाबा. एड्सनंच गेले. तेव्हा आमच्या डोंगरावर गोळ्या पोचल्या नव्हत्या.

वहिनीच्या रक्तातही एचआयव्ही आहे. पण सांजेला रेडिओवर बातम्या लागल्या की तिची गोळी तोंडात, एक दिवस चुकत नाही. थाबांगलाही पहिले सहा आठवडे औषधाचे थेंब दिले. 'बाळाचं आतडं कोवळं असतं, वरचं अन्न त्याला ओरखडतं, मग दुधातल्या विषाणूला वाट मिळते.' हे मला तोंडपाठ आहे, कारण शाळेच्या आरोग्य मंडळात हे भाषण मीच ठोकलं होतं. पहिला नंबर! मुख्याध्यापकांनी तीनदा टाळ्या वाजवायला लावल्या. तेव्हापासून माझी चालच बदलली होती.

आणि आंबील मीच पाजली होती.

आजी गोवऱ्या आणायला गेलेली, नेटबॉलच्या पोरी ओढ्याकाठी माझी वाट बघत उभ्या, आणि थाबांग रडून रडून निळा व्हायला आलेला. आजीच्या मडक्यातली ज्वारीची आंबील, तीन चमचे. रडं थांबलं, वर हसला लबाड. तीन चमच्यांनी काय होतंय, असं मला वाटलं. मला, भाषणवालीला!

त्या दिवसापासून वहिनीनं बाळ आजीच्या हातात दिलं नाही. वारा असो की गारा, पाठीला बांधून रानात न्यायची. आजी रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसून राहायची. आंबील पाजली त्याच संध्याकाळी आजीनं माझा शाळेचा स्वेटर धुतला. डाव्या बाहीवर आंबील वाळली होती. ती तिनं घासून घासून काढली, स्वेटर दोरीवर टाकला, आणि एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी आम्ही चौघं डोंगर ओलांडून दवाखान्यात गेलो. बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. निकालाला दीड तास होता. बाकावर वहिनी आणि आजीच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती. मी तिथं जाऊन बसले.

"वहिनी, आंबील मी पाजली. आजीनं न्हाई."

वहिनी माझ्याकडं बघतच राहिली. "तू? भाषनवाली?"

"पाच मिन्टांत भाषान ठोकती," आजी समोरच्या भिंतीला म्हणाली, "आन एवढं सांगाया पंधरा दिस."

नर्सबाई कागद घेऊन आल्या. "आज तरी विषाणू सापडला न्हाई. थाबांगच्या आई, तू गोळी चुकवत न्हाईस, म्हणून दुधातनं जायची भीती लई कमी. पन कमी म्हंजी न्हाईच असं न्हवं. म्होरं परत तपासू, दूध तुटल्यावरबी. आन कुनी आंबील पाजली म्हणून भिऊन दूध तोडू नगंस."

वहिनी रडली. मग तिनं पाठीला बांधलेलं बाळ सोडलं आणि आजीच्या मांडीवर ठेवलं. "आजे, माफी करा." माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

शनिवारी मी नेटबॉलला जायला बूट बाहेर काढले, तर वहिनीनं कुदळ पुढं केली. "आज तू रानात जा. म्या हितं बसते."

दुपारी वाऱ्यावरून थाबांगचं रडणं आलं. माझे पाय घराकडं वळले. तिथंच थांबवले. ओल्या मातीत कुदळ घातली, एक सरी भांगलली, दुसरी भांगलली.

मग रडणं थांबलं. दूध मिळालं असणार.

मी तिसरी सरी धरली.