साडूच्या फाटकासमोरचं खुराडं

कोंबडीवाल्यानं टेम्पोचा मागचा दरवाजा उघडला आणि पाटीतल्या कोंबड्या एकेक करून आत सोडल्या. तांबड्या कोंबड्यानं मात्र कुणाला न विचारता थेट स्टिअरिंगवर बैठक मारली.

"अहो, गाडी आहे का खुराडं?" बायको कपाळाला हात लावून म्हणाली.

"गाडी म्हणून घेतली, ती चालली नाही. खुराडं म्हणून झकास चालतेय."

टेम्पो उभा होता कोंबडीवाल्याच्याच रानात, पण रस्त्याच्या कडेला, साडूच्या फाटकाकडे तोंड करून. साडूचा जुन्या गाड्या विकायचा धंदा. कोंबडीवाल्यानं ट्रॅक्टर लावून टेम्पो तिथवर ओढत आणला होता आणि चुन्यानं त्याच्या अंगावर ठसठशीत लिहिलं होतं : 'ही समोरूनच घेतली.'

लिहिण्यात खोटं काही नव्हतं. घेताना कोंबडीवाल्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. साडूच्या गाडीचं बॉनेट उघडायचं म्हणजे पाहुण्याघरी पानावर बसून घास हुंगायचा! पहिल्याच उन्हाळ्यात भर दुपारी घाटात क्लच गेला. मागं पिल्लं भरलेली. सावली नाही, वारा नाही. संध्याकाळी ओढून आणली तेव्हा पिंजऱ्यातून चिवचिव येत नव्हती. तसाच तो साडूच्या दारात गेला, तर साडू दात कोरत म्हणाला, "जशी आहे तशी दिली होती, भाऊ. गाडीबरोबर घाट नव्हता विकला मी."

गिऱ्हाइकं हसली. पिल्लांचं दुःख कोंबडीवाल्यानं गिळलं, ते हसू काही गिळवलं नाही.

आता त्याच फाटकावर गिऱ्हाईक यायचं, समोरची अक्षरं वाचायचं, स्टिअरिंगवरच्या कोंबड्याकडे बघायचं आणि आल्या पावली परत फिरायचं. पंधरवडाभरात साडू रान तुडवत आला.

"साडूभाऊ, आपलेच दात, आपलेच ओठ. हे हलवा. त्या निळ्या टेम्पोकडे बघा. तुमच्यासाठी काढून ठेवलाय. या वेळी खात्री लिहून देतो."

या वेळी कोंबडीवाल्यानं बॉनेट उघडलं. खाली वाकला, वास घेतला, घाटात नेऊन आणला. टेम्पो खरंच खणखणीत होता, किंमतही परवडणारी. तीच गोष्ट त्याला जास्त झोंबली. म्हणजे चांगली गाडी असते याच्याकडे, आपल्याला तेवढी दिली नाही!

"घ्या की," बायको म्हणाली. "माझ्या बहिणीचं घर आहे ते. अद्दल घडली त्यांना."

"उद्या शोरूमला जायचं," एवढंच तो म्हणाला.

कंपनीच्या शोरूममध्ये फरशी अशी चकचकीत, की कोंबडीवाल्यानं चपला काढल्या. टायवाल्या पोरानं त्या परत घालायला लावल्या. नव्या टेम्पोची किंमत ऐकून बायकोचा पदर तोंडाशी गेला. शिवाय सर्व्हिसिंगला दर वेळी तालुक्याला यायचं.

"जुनी गाडी आहे का काका? मोडकी, बंद, कशीही चालेल. ती द्या, भरघोस सवलत देतो," पोरगा म्हणाला.

बायकोनं कोपर मारलं. "आहे! आहे म्हणून सांगा!"

"नेऊन काय करता तिचं?" कोंबडीवाल्यानं विचारलं.

"भंगारात, काका."

कोंबडीवाल्याच्या डोळ्यांसमोर समोरचं फाटक आलं, दात कोरणारा साडू आला, हसणारी तोंडं आली.

"नको," तो म्हणाला. "ती कामावर आहे."

सवलतीशिवायच हप्ते बांधून परतताना घाटात बायको म्हणाली, "लोक गाडी हप्त्यावर घेतात. तुम्ही सूडसुद्धा हप्त्यावर घेतलात."

"फिटेल," तो म्हणाला.

नवा टेम्पो आला त्या दिवशी साडू कुंपणाशी उभा होता. उतरलेला चेहरा, आवाज खालचा. "शोरूममधून घेतलीत, बरं केलंत. आता तरी ते धूड विका मला. म्हणाल ती किंमत."

कोंबडीवाल्यानं खुराड्यात हात घातला. ड्रायव्हरच्या सीटवरची उबदार अंडी काढून साडूच्या ओंजळीत ठेवली.

"गाडी विकायची नाही. मेव्हणीला ही अंडी द्या," तो म्हणाला. "फोडून बघितलेली नाहीत हं. जशी आहेत तशी."

साडू ओंजळ सांभाळत रस्ता ओलांडू लागला. हात गुंतलेले, त्यामुळे त्याला फाटकसुद्धा उघडता येईना. तिथं तो उभाच राहिला, आणि पाठीमागं स्टिअरिंगवरून तांबड्यानं बांग दिली.