पांढऱ्यावर पांढरं

मिलिंदने गाडीवर चिकटवायच्या फिल्मच्या पाठीचा कागद वीतभर सोलला आणि पलीकडचं टोक दीक्षाच्या हातात दिलं. ओढू नको, सैलही सोडू नको, असं त्याने बायकोला तिसऱ्यांदा बजावलं. पहिला तुकडा सकाळीच वाया गेला होता. बॉनेटवर टेकवता टेकवता त्याची मधोमध घडी पडली आणि ती सोडवण्यात नवरा-बायकोचा तासभर गेला. आता हा एकच तुकडा उरला होता. रविवार असल्यामुळे सांगलीतलं दुकान बंद होतं आणि चार वाजता आईला घेऊन कुंडलला निघायचं होतं, सिद्धूमामाच्या गृहप्रवेशाला.

फिल्म पांढरी होती आणि गाडीही पांढरीच होती. शेजारचा मतीन सकाळपासून दोनदा चक्कर मारून गेला होता. लोक गाडी काळी करतात, निळी करतात, आणि आपले मिलिंदभाऊ पांढऱ्यावर पांढरं चढवतायत, याची त्याला भारी गंमत वाटत होती. रंग बदलला की आरटीओत नोंद करावी लागते, असं मिलिंदने त्याला ऐकवलं. ते खरंच होतं, पण कारण ते नव्हतं.

कारण बॉनेटवर होतं. गाडी जुनी घेतलेली, तासगावकडच्या एका बड्या घरातली. तिथल्या चिरंजीवांनी बॉनेटभर ‘धाकटे सरकार’ अशी अक्षरं चिकटवली होती. मिलिंदने ती सोलून काढली, पण सात वर्षांच्या उन्हाने भोवतालचा रंग पिवळट पडला होता आणि अक्षरांखालचा तेवढा कोरा राहिला होता. घासून झालं, दोनदा पॉलिश करून झालं. ऊन तिरपं झालं की धाकटे सरकार उलट जास्तच ठसठशीत दिसायचे.

मिलिंद एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होता. रक्ताचे नमुने आणायला त्याला आठवड्यातून दोनदा पलूसला जावं लागे. गेले चार महिने त्या रस्त्यावर त्याला कुणी अडवलं नव्हतं. समोरचे ट्रॅक्टर कडेला व्हायचे. फाट्यावरचा हवालदार मागच्या-पुढच्या गाड्या थांबवायचा आणि हिला मात्र मान हलवून जाऊ द्यायचा. सुरुवातीला मिलिंदला राग यायचा, मग हसू यायला लागलं, मग सवय झाली. खरं सांगायचं तर ती सवय त्याला आवडायला लागली होती. या गोष्टीची त्याला मनापासून लाज वाटत होती आणि त्याने ती दीक्षालाही सांगितली नव्हती.

आईला तर सांगण्याचा प्रश्नच नव्हता. आक्काताईंना वाचता येत नव्हतं. बॉनेटवर उन्हाचे डाग पडलेत, एवढंच त्याने तिला सांगितलं होतं.

फिल्म टेकली. साबणाचं पाणी मारून मिलिंद प्लॅस्टिकची पट्टी कडेकडेने आत ओढायला लागला. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस हे काम शीळ घालत करत होता. इथे एक बुडबुडा दाबला की हातभर अंतरावर दुसरा उठत होता. दीक्षा केस वाळवायचा ड्रायर घेऊन मागे मागे फिरत होती. मिलिंद दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता आणि प्रत्येक वेळी बायकोवर खेकसत होता.

“आवाज खाली करा,” दीक्षा शांतपणे म्हणाली. “फिल्मनं काय वाकडं केलंय तुमचं?”

आक्काताई पायरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि त्या गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

“मागल्या बुदवारी दवाखान्यातनं येताना,” त्या म्हणाल्या, “त्या ट्रॅक्टरवाल्यानं कुनाला हात केला रं?”

मिलिंदच्या हातातली पट्टी थांबली.

“गाडीला,” तो म्हणाला.

“आनि तू कुनाचा हात वर केलास?”

त्या दिवशी त्यानेही धाकट्या सरकारांच्या ऐटीत हात वर केला होता. ड्रायर बंद करून दीक्षा त्याच्याकडे बघत राहिली. आईला अक्षरं वाचता येत नव्हती, पण आयुष्यभर तिने कोण कुणाला वाट देतं हेच तर पाहिलं होतं. आपण तिला डागांची गोष्ट सांगितली याचं मिलिंदला फार वाईट वाटलं.

आक्काताईंनी पदराला हात पुसले आणि तळवा बॉनेटच्या मध्यावर ठेवला.

“कडंनं आत नगं. मधनं कडंला काढ, म्हंजी वारा भायेर जातुया. तुझा बा जयंतीची पोस्टरं आशीच लावायचा. खळ लावायची मी, हात फिरवायचा त्यो. एका बी पोस्टराला कवा सुरकुती न्हाई पडली.”

मिलिंदने तसं केलं. मधून उजवीकडे, मधून डावीकडे. आक्काताई पुढे पुढे तळवा फिरवत होत्या, मागून पट्टी येत होती. बुडबुडे कडेला सरकत गेले आणि निघून गेले. साडेतीनला त्याने कटरने कडा कापल्या. धाकटे सरकार गेले होते. जुन्या गाडीवर बॉनेट तेवढं नव्या धोतरासारखं लखलखत होतं, आणि ते चांगलं दिसत होतं असं काही म्हणता येणार नाही. मतीन तिसऱ्यांदा येऊन हसून गेला.

आक्काताई समारंभासाठी ठेवलेलं पांढरं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसल्या, दीक्षा मागे बसली. नांद्रे गेलं, भिलवडी गेली. एक ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध चालला होता. मिलिंदने तीनदा हॉर्न वाजवला तरी तो कडेला झाला नाही. ते दीड किलोमीटर त्याच्या मागे रखडले.

पलूसच्या फाट्यावर तोच हवालदार होता. त्याने मान हलवली नाही. हात आडवा करून गाडी कडेला घ्यायला सांगितलं.

कागद सगळे जागेवर होते, चूक काहीच नव्हती, तरी आईच्या देखत अडवलं गेलो हे मिलिंदला लागलं. त्याने काच खाली करून गाडीच्या नोंदणीचं कार्ड बाहेर दिलं. हवालदार बहुधा चाळिशी घरी विसरला होता. कार्ड लांब धरून तो एकेक शब्द मोठ्याने वाचायला लागला.

“मिलिंद... यल्लाप्पा... बनसोडे. तुमचीच काय गाडी?”

“माझीच,” मिलिंद म्हणाला.

आक्काताईंनी नवऱ्याचं नाव लग्नानंतर कधी तोंडातून काढलं नव्हतं. तो गेल्यालाही आता अकरा वर्षं झाली होती आणि घरात ते नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं. त्या सीटवर सरळ बसल्या, पदर नीट केला आणि मुलाच्या पलीकडे वाकून खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या,

“सायेब, मला वाचता येत न्हाई. तेवढं नाव परत एकदा वाचा की.”

हवालदाराने त्यांच्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे पाहिलं. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या. त्याने कार्ड पुन्हा लांब धरलं आणि या वेळी न अडखळता सगळं नाव वाचलं.